आत घेणाऱ्यांनो, बाहेर जायचा दरवाजा आधी दाखवा

विथड्रॉवल म्हटलं की बँकेतल्या माणसाला काउंटरवरची विड्रॉल स्लिप आठवते, व्यसनमुक्ती केंद्रात काम करणाऱ्याला थरथरणारे हात आणि घामाने भिजलेली चादर आठवते, सैन्यातल्या माणसाला माघार, वकिलाला मागे घेतलेला अर्ज, आणि कुटुंबनियोजन शिकवणाऱ्या नर्सला भलतंच काहीतरी आठवतं जे लोक मोठ्याने बोलत नाहीत (आणि ज्यात नेहमीच्या वापरात वर्षभरात १०० पैकी साधारण २० बायकांना दिवस जातात, म्हणजे शेवटच्या क्षणी बाहेर पडण्यावर भरवसा ठेवू नये हे तिथेही खरंच). अर्थ कितीही वेगळे असले तरी मामला एकच असतो, कोणीतरी कशात तरी आत गेलेलं असतं किंवा काहीतरी देऊन बसलेलं असतं, आणि आता त्याला बाहेर यायचंय किंवा दिलेलं परत घ्यायचंय. माझं म्हणणं असं आहे की कुठल्याही कंपनीची, सरकारची, कराराची, डॉक्टरची परीक्षा ती आत कशी घेतात यावरून करूच नका, बाहेर कशी जाऊ देतात यावरून करा. बाहेर पडायची रीत आत येण्याच्या दिवशीच ठरलेली आणि सांगितलेली असली पाहिजे, आणि ती नसेल तर पुढच्या गोंधळाचा दोष आत घेणाऱ्याचा, बाहेर पडणाऱ्याचा नाही.

आता आपल्याकडे काय होतं तर बाहेर पडणारा माणूस आधीच आरोपी असतो. कच खाल्ली, शेपूट घातलं, शब्द फिरवला, मैदान सोडलं, घूमजाव केलं, अख्खी यादी तयार आहे, आणि यातला एकही शब्द तो माणूस का बाहेर पडला हे विचारत नाही. आत जाणारा शूर आणि बाहेर येणारा पळपुटा हे इतकं डोक्यात बसलंय की अभिमन्यूची गोष्ट सांगतानाही आपण त्याला बाहेर यायचं माहीत नव्हतं एवढंच सांगतो. अरे पण त्याच्याकडे प्लॅन नव्हता असं नाहीये, प्लॅन होता की मागून बाकीचे येतील आणि त्याला बाहेर काढतील, आणि जयद्रथाने तीच वाट अडवली. सोळा वर्षांच्या पोराला त्या एका भरवशावर आत पाठवणारे मोठे लोक होते, त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

माघार वाईटच असते हा गैरसमज मोडायला पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीचं उदाहरण बघा, तुर्कस्तानचा तो किनारा जिथे ब्रिटन आणि त्याच्या मित्रांचं सैन्य उतरलं होतं. १९१५ ची मोहीम पूर्ण फसलेली होती, आणि तिथून निघायला गेलो तर अर्धं सैन्य जाईल असा अंदाज सेनापती इयान हॅमिल्टनने दिला होता. त्याला हटवून चार्ल्स मन्रोला पाठवलं, त्याने परिस्थिती बघून निघायलाच हवं असं सांगितलं. मग रात्री रात्री थोडी थोडी माणसं हलवली, दिवसा सगळं नेहमीसारखं चालू असल्याचा देखावा, आणि शेवटच्या तुकड्यांनी बंदुकांना पाण्याचे डबे बांधून ठेवले, वरच्या डब्यातलं पाणी थेंब थेंब खालच्या डब्यात पडायचं आणि वजन वाढलं की चाप आपोआप ओढला जायचा, म्हणजे माणूस निघून गेल्यावरही गोळी सुटत राहायची आणि समोरच्याला वाटायचं खंदकात अजून लोक आहेत. डिसेंबर १९१५ मध्ये अँझॅक आणि सुवला, जानेवारी १९१६ मध्ये हेलेस, असे तिथले एकेक तळ रिकामे केले, आणि निघण्यात जीवितहानी जवळपास नाहीच. अख्ख्या मोहिमेत नीट आखलेली एकच गोष्ट होती ती म्हणजे निघून जाणं.

याच्या शेजारी काबूल ठेवा. २९ फेब्रुवारी २०२० ला दोहामध्ये अमेरिकेने तालिबानशी करार केला, ज्या अफगाण सरकारच्या जिवावर सगळं टिकायचं होतं ते सरकार त्या टेबलावर नव्हतंच. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं, २६ ऑगस्टला विमानतळाच्या फाटकावर स्फोट झाला त्यात १३ अमेरिकन सैनिक आणि दीडशेच्या वर अफगाण लोक गेले, ३० ऑगस्टला शेवटचं विमान उडालं. लाखाच्या वर माणसं बाहेर काढली हे खरंच, पण २० वर्षं दुभाषे म्हणून, ड्रायव्हर म्हणून ज्यांनी काम केलं त्यातले कितीतरी मागे राहिले. निघायचा निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही, कधीतरी निघायचंच होतं. पण तारीख ठरवणं म्हणजे निघायची तयारी नव्हे, आणि आपण निघाल्यावर ज्यांच्यावर सगळं पडणार त्यांना विचारलंच नाही की असंच होतं.

इथपर्यंत बहुतेक लोक मान डोलावतील. खरी कुरबुर संमतीपाशी सुरू होते, कारण तिथे लोकांना वाटतं की एकदा हो म्हटलं म्हणजे म्हटलं. १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेत माणसावर होणाऱ्या प्रयोगांसाठी जे १० नियम घातले त्यातला नववा हा आहे की सहन होत नाही असं वाटलं तर त्या माणसाला प्रयोग थांबवायची मोकळीक पाहिजे. नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर काय काय केलं ते तिथल्या खटल्यात ऐकून झाल्यावर लिहिलेला नियम आहे हा. पुढे डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही आलं की संशोधनातून कधीही बाहेर पडता येईल. मी याकडे असं बघतो की मागे घेता येत नाही ती संमती संमतीच नाही, ती विक्री झाली.

आणि तरीही हे पचायला किती वेळ लागतो बघा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९७९ च्या एका निकालामुळे कायदा असा होऊन बसला होता की शरीरसंबंध सुरू होताना बाईने हो म्हटलं असेल तर मधेच नाही म्हटल्याने तो बलात्कार ठरत नाही. सुरुवातीचा होकार शेवटपर्यंत लागू, असं. हे बदलायला २०१९ उजाडलं! ४० वर्षं. म्हणजे प्रयोगशाळेत सुई टोचून घेणाऱ्याला थांब म्हणायचा हक्क १९४७ मध्ये कागदावर आला आणि एका बाईला तोच हक्क कायद्याने मिळायला एका राज्यात २०१९ लागलं. यावर कोणी म्हणेल की मधेच मन बदललं हे समोरच्याला कसं कळणार, तर सांगितल्यावर कळतं, तेवढंच पुरेसं आहे.

डेटाच्या बाबतीत युरोपने हे एका वाक्यात बसवलंय आणि ते वाक्य मला फार आवडतं. २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये असं आहे की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. याच मापाने आजूबाजूला बघा. एका बोटाने सुरू होणारं सबस्क्रिप्शन बंद करायला सात स्क्रीन, मग नक्की का, मग अर्ध्या किमतीत देतो, मग फोन करा, फोनवर गाणं वाजतंय. हे चुकून झालेलं नसतं, कोणीतरी पगार घेऊन ते डिझाईन केलेलं असतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर प्राइम मेंबरशिपबद्दल केस केली त्यात असं म्हटलं होतं की ती रद्द करायच्या प्रोसेसला कंपनीच्या आत एका लांबलचक ग्रीक युद्धकाव्याचं नाव होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरवर समझोता झाला, कंपनीने चूक कबूल केली नाही, ते एक असो. जर्मनीने १ जुलै २०२२ पासून सरळ सांगून टाकलं की वेबसाईटवर करार करता येत असेल तर तिथेच रद्द करायचं बटणही दिसलं पाहिजे, आणि जर्मनी काही बुडाली नाही. अमेरिकेत मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला तसाच नियम जुलै २०२५ मध्ये कोर्टाने उडवला, तोही नियम वाईट म्हणून नाही तर बनवताना एक टप्पा पाळला नाही म्हणून. कंपन्या म्हणतात लोक चुकून रद्द करतील. चुकून सुरू करतात तेव्हा ही काळजी कुठे जाते?

आता औषधं आणि व्यसन, इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे विथड्रॉवल म्हणजे बटण दाबून होणारी गोष्ट नाही, ती शरीरातून जाते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर दोन ते चार दिवसांत भ्रम, फिट्स, ताप, आणि उपचार नसतील तर मृत्यूसुद्धा होऊ शकतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन अचानक बंद केल्या तरी फिट येऊ शकते. अफू गटातल्या औषधांचं विथड्रॉवल सहसा जीव घेत नाही पण माणसाला वाटतं की गेलो तर बरं. आणि असं असूनही घरोघरी अजून हेच चालतं की आजपासून एक थेंबही नाही, खोलीत कोंडा, शपथ घाला, मर्द असेल तर एका झटक्यात सोडेल. मग तो थरथरायला लागला की नाटक करतोय. तो नाटक करत नसतो हो, त्याच्या मेंदूने दारू असणार हे धरून स्वतःचा जोर वाढवून ठेवलेला असतो आणि अचानक समोरचं वजन काढलं की तो जोर मोकाट सुटतो. हे दवाखान्यात, औषधाखाली, उतरत्या डोसने करायचं काम आहे.

बरं घरच्यांना नाही कळत, ठीक आहे, पण ज्यांना कळायला पाहिजे त्यांचं काय? नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या बंद करताना चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, झोप उडणं, रडू येणं असं कितीतरी लोक सांगत होते. १९९० च्या दशकात या सगळ्याला विथड्रॉवल न म्हणता डिसकंटिन्युएशन सिंड्रोम म्हणायची पद्धत पडली. ऐकायला किती सभ्य, जणू मासिकाची वर्गणी थांबवली. विथड्रॉवल म्हटलं की लोकांना व्यसन आठवतं आणि गोळीला तो डाग लागायला नको हे एक कारण होतं, आणि एसएसआरआयची ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, म्हणून ते व्यसन नाही हेही बरोबरच आहे. पण शरीराला सवय लागणं आणि व्यसन लागणं या दोन गोष्टी लोकांना समजावून सांगायच्या सोडून सौम्य नाव देऊन टाकलं, आणि नाव सौम्य म्हणून त्रासही सौम्य धरला गेला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कित्येक वर्षं असं होतं की हा त्रास बहुधा सौम्य असतो आणि साधारण आठवड्यात आपोआप जातो. २०१९ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आणि नंतर नाइसने मान्य केलं की काहींना तो तीव्र असतो आणि बराच काळ टिकतो.

त्याच वर्षी मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी एक साधी पण फार कामाची गोष्ट मांडली. डोस आणि परिणाम यांचं नातं सरळ रेषेत नसतं, २० चा १५ केला तर मेंदूवरच्या परिणामात फारसा फरक पडत नाही पण ५ चा शून्य केला तर प्रचंड पडतो, म्हणून शेवटी शेवटी अगदी बारीक बारीक पायऱ्या पाहिजेत. आता गंमत बघा, कंपन्या जे डोस बाजारात आणतात ते उपचार सुरू करायच्या आणि वाढवायच्या हिशोबाने. उतरायच्या त्या बारीक पायऱ्यांच्या गोळ्या बहुतेक ठिकाणी मिळतच नाहीत, लोक गोळ्यांचे तुकडे करत बसतात नाहीतर पातळ औषध शोधत फिरतात. वर चढायला जिना आणि खाली यायला उडी. म्हणून औषधाला मंजुरी देतानाच ते बंद कसं करायचं याचा अभ्यास आणि त्यासाठीचे छोटे डोस कंपनीकडून मागितले पाहिजेत, सुरू करून देणारी तीच तर आहे. (आणि हे वाचून कोणी स्वतःच्या गोळ्या उद्यापासून बंद करू नका प्लीज, मुद्दा नेमका उलटा आहे.) अमेरिकेत वेदनाशामक ओपिऑइडची (म्हणजे त्याच अफू गटातल्या औषधांची) लाट आवरायची म्हणून डॉक्टरांनी घाबरून जुन्या पेशंटचे डोस धडाधड तोडले, तेव्हा २०१९ मध्ये तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, इशारा द्यावा लागला की असं अचानक तोडल्याने लोकांना भयानक त्रास होतोय, आत्महत्यासुद्धा. आधी बेफिकीर आत घेतलं आणि मग बेफिकीर बाहेर ढकललं, दोन्ही वेळेला पेशंटला विचारलं नाही.

कोणी म्हणेल की बाहेर पडणं सोपं केलं तर कोणी कशाला चिकटूनच राहणार नाही. हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो सगळ्यात जास्त बँकेला लागू पडतो. बँक तुमचे पैसे तिजोरीत ठेवून बसलेली नसते, ती ते लांबच्या मुदतीने कर्जाऊ देते, त्यामुळे सगळे एकदम काढायला आले तर चांगली बँकही पडते. डायमंड आणि डिबव्हिग या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हेच गणितात दाखवलं आणि २०२२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ९ मार्च २०२३ ला सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला टाकले, दुसऱ्या दिवशी बँक बंद. म्हणजे इथे माझं पैसे काढणं तुमचे पैसे बुडवू शकतं. मग दरवाजा बंद करायचा का? ग्रीसने जून २०१५ च्या शेवटी तेच केलं, बँका बंद आणि एटीएममधून दिवसाला ६० युरो, आणि ज्याच्या पोटात तोपर्यंत भीती नव्हती त्याच्याही शिरली. उलट अमेरिकेने १९३३ मध्ये ठेवींचा विमा आणला, बँक बुडाली तरी एका मर्यादेपर्यंतचे पैसे मिळणारच. १९३३ मध्ये तिथे सुमारे ४,००० बँका बंद पडल्या होत्या, १९३४ मध्ये विमा असलेल्या बुडाल्या ९. पैसे मिळणारच आहेत म्हटल्यावर रांगेत कोण उभं राहणार. (सिलिकॉन व्हॅलीतले बहुतेक पैसे त्या मर्यादेच्या वरचे होते, म्हणून ते धावले.)

हॉस्पिटलमध्येही तेच होतं. एकदा व्हेंटिलेटर लावला की काढता येत नाही असं वाटलं तर घरचे आणि डॉक्टर तो लावायलाच घाबरतात, आणि ज्याला त्याने फायदा झाला असता तोही मुकतो. काही दिवस लावून बघू, फरक नाही पडला तर काढू, हे आधी बोलून ठेवलं तर सुरू करणं सोपं जातं. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाने कायमची बेशुद्ध असलेल्या कॅरेन अ‍ॅन क्विनलनच्या वडिलांना तिचा व्हेंटिलेटर काढायचा निर्णय घ्यायची परवानगी दिली, तो काढल्यावर ती स्वतःचा श्वास घेत आणखी ९ वर्षं, १९८५ पर्यंत जगली. तेव्हा काढणं म्हणजे मारणं असं जे सरसकट म्हटलं जातं ते निदान तिच्या बाबतीत खरं ठरलं नाही.

म्हणून माझा हिशोब असा आहे की बाहेर पडल्याने फक्त माझंच काही जाणार असेल किंवा समोरच्याचा नुसता नफा बुडणार असेल तर दरवाजा सताड उघडा पाहिजे, आत्ता, या क्षणी, कारण न देता. दुसऱ्यांचं नुकसान होणार असेल तर नोटीस, टप्पे, मुदत हे सगळं मान्य, पण ते आधी लिहिलेलं पाहिजे. देशांच्या करारांत हे कुठे आहे आणि कुठे नाही ते बघितलं की हसावं की रडावं कळत नाही. युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं कलम ५० हे २००९ मध्ये लागू झालं, तोपर्यंत ते नव्हतंच, आणि त्यातली दोन वर्षांची मुदतही ब्रिटनला पुरली नाही, मार्च २०१७ ची नोटीस आणि जानेवारी २०२० ला बाहेर. तिथे लोक कलम ५० ला शिव्या घालतात, मला वाटतं मुदत वाढवून का होईना पण एकही गोळी न झाडता एक मोठा देश बाहेर पडला याचं थोडं श्रेय त्या पाच परिच्छेदांना द्या की. पॅरिस हवामान करारात आधी तीन वर्षं थांबा आणि मग वर्षाची नोटीस असं होतं, त्यामुळे अमेरिका पहिल्यांदा बाहेर पडली ती ४ नोव्हेंबर २०२० ला, निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आत आली. २०२५ मध्ये पुन्हा नोटीस. आणि अण्वस्त्र प्रसारबंदी करार? तीन महिने. फक्त तीन महिन्यांची नोटीस देऊन त्यातून निघता येतं, २००३ मध्ये उत्तर कोरियाने तर तेवढंही थांबायची गरज नाही म्हणत दुसऱ्या दिवसापासून बाहेर असं जाहीर केलं. जिमची मेंबरशिप याहून चिवट असते.

सगळ्यात विचित्र प्रकार संयुक्त राष्ट्रांचा. त्यांच्या आधीच्या लीग ऑफ नेशन्समधून दोन वर्षांची नोटीस देऊन निघता यायचं, १९३३ मध्ये जपान आणि जर्मनी तसेच निघाले, तो धडा घेऊन नव्या सनदेत बाहेर पडायचं कलमच ठेवलं नाही. दरवाजा नसला की कोणी जाणार नाही असा हिशोब. जानेवारी १९६५ मध्ये इंडोनेशिया तरीही निघून गेलाच. सप्टेंबर १९६६ मध्ये त्यांनी कळवलं की आम्ही परत येतोय, तेव्हा या मधल्या काळाचं करायचं काय हा प्रश्न पडला, कारण बाहेर गेले असं मानलं तर सदस्यत्वासाठी नव्याने अर्ज करायला हवा. शेवटी असं धरलं की ते गेलेच नव्हते, काही काळ सहकार्य थांबलं होतं इतकंच. याला लोक मुत्सद्देगिरी म्हणतात. इंडोनेशियाला परत यायचं होतं म्हणून ते निभावलं, त्यांना कायमचं बाहेर राहायचं असतं तर त्यांना सदस्य धरायचं की नाही आणि वर्गणी मागायची की नाही हे सनदेत बघून कोणालाच सांगता आलं नसतं, आणि ती सनद या बाबतीत आजही तशीच आहे.